विठ्ठलराव कार्ड निवडतात

विठ्ठलराव पडळघऱ्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी न तपासता घेतल्या होत्या. एक बायको, ती वडिलांनी बघितली. दुसरा जावई, तो मुलीनं बघितला. दोन्ही उत्तम निघाल्या, पण त्यात आपला हात नव्हता ही रुखरुख त्यांच्या मनात कायमची राहिली. बाकी चप्पल असो की पिठाची चाळण, विठ्ठलरावांच्या हाताखालून गेल्याशिवाय रिहे गावातल्या त्या घरात तिला प्रवेश नव्हता.

सवय नोकरीतली होती. पिरंगुटच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. समोर यंत्राचे भाग येऊन पडायचे. हे माप लावायचे, बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल पेटीत. मुलीचं नाव समीक्षा ठेवलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. निवृत्त होताना कारखान्यानं मनगटी घड्याळ दिलं, तेसुद्धा त्यांनी आठवडाभर रेडिओच्या वेळेशी ताडून बघितलं आणि मगच मनगटावर चढवलं.

तर अशा माणसाला दोन हजार सात सालच्या जानेवारीत सिंगापूरहून जावयाचा फोन आला.

शैलेश मूळचा लातूरकडचा. हिंजवडीच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला पाठवलं, पाठोपाठ समीक्षाही गेली. आता तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. शैलेशला आई नव्हती. म्हणजे जाणार कोण, तर समीक्षाची आई गंगूबाई आणि विठ्ठलराव.

"बाबा, मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट काढतो," शैलेश म्हणाला. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"आमचं काय, आम्ही कधीही तयार," विठ्ठलराव म्हणाले. "पण समीक्षाच्या आईला विमानाची भीती वाटते ना. तिची जरा तयारी करून घेतो. मग काढा."

हे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं तळहात पुसले. कारण विमानाची भीती गंगूबाईंना वाटत होती तशी त्यांनाही वाटत होती. तशी कसली, दसपट. त्यांनी एकतीस वर्षं लाल पेटी बघितली होती. तीन जणांच्या हातून सुटलेला आणि शेवटच्या क्षणी त्यांच्या नजरेला पडलेला, केसाएवढी चीर गेलेला एक पितळी भाग त्यांनी आठवण म्हणून घरी आणून फडताळात ठेवला होता. हजारातला एक तसा सुटतोच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि विमानाला भाग किती असतात, ते त्यांनी एकदा वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचायला नको होतं.

पण हे सांगणार कुणाला? दोन वर्षांपूर्वी शैलेशनं पहिल्यांदा "सिंगापूरला या" म्हटलं, तेव्हा गंगूबाईच चटकन म्हणाल्या होत्या, "नगं बाई, मला इमानाचं लई भ्या वाटतं." विठ्ठलरावांना तेव्हा देव पावल्यासारखं झालं. तेव्हापासून गावात, पाहुण्यांत, फोनवर एकच पाठ चालू होता. आमचं काही नाही हो, हिलाच भीती वाटते.

आता मात्र तो पाठ पुरणार नव्हता. लेक अडलेली होती.

उपाय घरातच निघाला. सिंगापूरला जाताना शैलेशनं आपला जुना कॉम्प्युटर रिह्याला ठेवला होता, आणि त्याच्या खोक्यात विमान उडवायच्या खेळाची सीडी आणि ते चालवायचा एक दांडा होता. खरोखरच्या विमानासारखं सगळं. समोर काचा, काट्यांची घड्याळं, धावपट्टी. विठ्ठलरावांनी जाहीर केलं, की या खेळावर गंगूबाईची भीती मोडायची. तिच्याआधी अर्थात आपण तपासून बघायचं.

तपासणी सुरू झाली. भारनियमनामुळे दुपारी दोन ते पाच एवढीच वीज हमखास असायची, तेवढ्यात ते खुर्चीत बसत. खेळासोबतच्या पुस्तकात उड्डाणाआधी काय काय बघायचं याची यादी होती. ती त्यांना इतकी आवडली, की त्यांनी तिच्यात स्वतःची अकरा कलमं वाढवली. यादी संपेपर्यंत पाच वाजत आणि वीज जाई. बारा दिवसांत विमान धावपट्टीवरून तसूभरही हललं नाही.

तेराव्या दिवशी गंगूबाई चहाचा कप टेकवत म्हणाल्या, "अवो, ह्ये उडतं कवा?"

इलाज नव्हता. विठ्ठलरावांनी दांडा पुढे केला. विमान हललं, थांबलं, पुन्हा हललं, पुन्हा थांबलं. धावपट्टी आचक्या देत पुढे सरकायला लागली. झाडं होती ती हिरवी खोकी, आभाळ होतं ते राखाडी फडकं. गंगूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मळमळाया लागलं मला. आसं आचकं देतं व्हय इमान?"

"विमान नाही देत, चित्र देतंय," विठ्ठलराव म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला आणखी थोडे दिवस मिळाले.

फोनवर शैलेशनं उलगडा केला. कॉम्प्युटर जुना, त्यात चित्रं काढायची वेगळी सोय नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणून एक पाटी मिळते, ती आत बसवली की चित्र सरळ चालेल. "कुठलंही साधंसं घ्या बाबा. पण दहा फेब्रुवारीपर्यंत तिकिटाचं सांगा. नंतर जागा मिळणार नाहीत, समीक्षाही सारखी विचारतेय."

कुठलंही घ्या! विठ्ठलरावांना हे वाक्यच कळलं नाही.

ते पिरंगुटला मनीषच्या दुकानात गेले. पौड रस्त्यावर, झेरॉक्सवाल्याच्या वर, एवढीशी खोली. मनीष जळगावकडचा, पंचविशीतला, सदान्‌कदा उघड्या कॉम्प्युटरात डोकं घातलेला. त्यानं पाच कार्डं समोर मांडली आणि ज्याच्यावर सगळ्यात मोठा पंखा होता त्याच्यावर बोट ठेवलं.

"काका, राजा आहे हा. डोळे झाकून न्या."

"डोळे उघडे ठेवून नेईन," असं म्हणून विठ्ठलरावांनी पिशवीतून वही काढली, रकाने आखले आणि पाचही कार्डांची माहिती उतरवून घेतली. मग आठवडाभर ते रोज पौडच्या बसनं पिरंगुटला येत राहिले. एकदा कार्डांची माहितीपुस्तकं चाळायला, एकदा मनीषला प्रश्न विचारायला, एकदा आदल्या दिवशीचं उत्तर पुन्हा पडताळायला. शेवटी एकदा बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन आले. कार्डाची लांबी, रुंदी, पंख्याची उंची, सगळं मिलिमीटरच्या हिशेबात मोजलं. कॉम्प्युटरातल्या खाचेचा पुठ्ठ्याचा नमुना कापून आणला होता, तो प्रत्येक कार्डाच्या दातांना लावून बघितला. मनीषच्या दुकानातली इतर गिऱ्हाइकं आपापली कामं विसरून बघत उभी राहिली.

फेब्रुवारी उजाडला. वहीत कार्डं पाचाची आठ झाली.

त्याच सुमारास जालिंदरची मेंढरं आली. जालिंदर धनगर, फलटणकडचा. दरवर्षी भाताची कापणी झाली की तो आणि त्याची आई बानूबाई कळप घेऊन या खोऱ्यात येत. मेंढरं खाचरात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी जमीन कस धरते, म्हणून शेतकरी त्यांना भात-डाळ देऊन रानात बोलवत. विठ्ठलरावांच्या खाचरात तो चार रात्री मुक्कामाला असे, आणि दुपारी पडवीत टेकून गप्पा मारी.

"काय लिवताय अण्णा?" त्यानं वहीकडे बघत विचारलं.

विठ्ठलरावांनी सगळं सांगितलं. कार्ड, पंखा, दात, व्हर्नियर. जालिंदरनं मन लावून ऐकलं.

"म्हंजी मेंढा निवडल्यागतच की," तो म्हणाला. "आमी बी दात बघतो, कंबर दाबून बघतो. किती दीस झालं बघताय?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडं?" जालिंदरनं मान हलवली. "माझ्या मेव्हण्यानं मागल्या साली मेंढा निवडायला आसंच पाच बाजार घालीवलं. ह्येचा पाय नगं, त्येचं शिंग नगं. मंग आमाला कळलं, गड्याला कळपच इकायचा व्हता. मेंढा त्येला नगंच व्हता."

विठ्ठलरावांनी वही मिटली. माणूस सहज बोलून गेला होता, पण घाव नेमका विठ्ठलरावांच्या दुखऱ्या जागी बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस पकडून त्यांनी मनीषकडून राजा उचलला आणि घरी आणला.

कार्ड खाचेत असं बसलं, की स्वतः विठ्ठलरावांनी "वा" म्हटलं. दुपारी दोनला वीज आली. गंगूबाई, जालिंदर आणि बानूबाई मागे उभे राहिले. पडदा उजळला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच आवाज निघाला. आभाळ निळं होतं. झाडांना पानं होती. विठ्ठलरावांनी यादी आटपली, कारण आता मागे तीन माणसं ताटकळत होती, आणि दांडा पुढे ढकलला. विमान लोण्यासारखं पुढे निघालं. वेग वाढला. नाक उचललं. चाकं सुटली, आणि त्याच क्षणी टप्प असा आवाज होऊन सगळा कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा चालू केला. पुन्हा धावपट्टी, पुन्हा नाक वर, पुन्हा टप्प. चार वेळा तेच. जमिनीवर असेपर्यंत ठीक, चाकं सुटली की काळोख.

"बघा," विठ्ठलराव म्हणाले. घाबरल्यासारखे म्हणाले, पण खोटं कशाला सांगा, त्यांना बरं वाटलं होतं. "हे असं असतं. वर गेल्यावर काय होईल ते कुणी सांगावं?"

गंगूबाई नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. बोलली बानूबाई. सत्तरीची म्हातारी, कॉम्प्युटर तिनं आज पहिल्यांदाच बघितला होता.

"ह्ये नवं जनावर खातंय किती?" तिनं विचारलं.

"खात नाही बानूबाई, ते यंत्र आहे."

"मंग पळतंय कशावर? काय तरी खात आसंलच की. दांडगा मेंढा आनला आन्‌ चारा शेळीचा घातला, तर त्यो चालंल का? बसल्या जागी ऱ्हाईल, पळाया लागला की पडंल."

विठ्ठलराव खुर्चीतून उठले. मग त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि विजेच्या डब्यावरची चिठ्ठी वाचली. मग कार्डाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. राजाला जेवढी वीज लागत होती, तेवढी देण्याची त्या जुन्या डब्याची ऐपतच नव्हती. नुसतं उभं राहायला पुरत होती. उड्डाणाच्या वेळी पडद्यावर सगळंच एकदम काढायची वेळ आली, की डबा हात वर करत होता. व्हर्नियरनं त्यांनी अख्खं कार्ड मोजलं होतं. वहीत आठ कार्डांचे चौदा रकाने होते. खातंय किती, हा रकाना नव्हता.

एकतीस वर्षं तपासणीत घालवलेल्या माणसाला हे लागलं. 

दुसऱ्या दिवशी मनीषनं कार्ड बदलून दिलं. या खेपेला विठ्ठलरावांनी पहिला प्रश्न बानूबाईचा विचारला, आणि सगळ्यात कमी खाणारं कार्ड उचललं. लहानसं, बिनपंख्याचं, फळीवर मागे पडलेलं. "काका, यात ढग तेवढे भारी दिसणार नाहीत," मनीष म्हणाला. "ढग मला बघायचेच नाहीत," विठ्ठलराव म्हणाले.

तारीख होती नऊ फेब्रुवारी.

दुपारी जालिंदर आणि बानूबाईच्या साक्षीनं कार्ड बसलं. चित्र राजासारखं नव्हतं, पण सरळ होतं, अडकत नव्हतं. विठ्ठलराव खुर्चीत बसले आणि यादीचं पहिलं कलम वाचायला त्यांनी चष्मा चढवला.

"उठा," गंगूबाई म्हणाल्या.

"काय?"

"उठा म्हनलं. भ्या मला वाटतंय ना? मंग मी बसते. तुमी हितं डावीकडं शेजारी बसा."

त्या बसल्या. पदर खोचला, दांडा धरला. बारा दिवस चहा देता देता त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. यादीबिदी न वाचता त्यांनी पुण्याच्या धावपट्टीवरून विमान सोडलं. वेग वाढला, नाक उचललं. चाकं सुटली. विठ्ठलरावांनी डोळे घट्ट मिटून टप्प आवाजाची वाट बघितली. आवाज झाला नाही. डोळे उघडले तर पुणं खाली होतं.

"आता धरणाकडं जाऊ," गंगूबाई म्हणाल्या आणि दांडा अलगद कलंडवला. डोंगर आले. डोंगरांच्या मध्ये मुळशीचं पाणी फाकलं होतं, आणि त्यावर ऊन चमकत होतं. कार्ड लहान होतं, पण पाणी त्यानं झकास काढलं होतं. जालिंदर मागून ओरडला, "काकी, माझी मेंढरं दिसत्यात का बघा!" बानूबाई बोळक्या तोंडानं खळखळून हसली.

मग ढग लागला. पडदा पांढरा झाला आणि विमान थरथरायला लागलं, घड्याळांचे काटे नाचायला लागले. खरं तर खुर्ची जमिनीवर होती, जमीन रिह्यात होती.  पण विठ्ठलरावांचा हात आपोआप निघाला आणि गंगूबाईंच्या मनगटावर पडला. बांगड्या रुतेपर्यंत घट्ट.

गंगूबाईंनी हात सोडवून घेतला नाही. एका हातानं दांडा धरून त्यांनी ढग पार केला, विमान वळवलं आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर आणून आदळलं. दोनदा उसळलं, मग थांबलं. जालिंदर आणि बानूबाई "झ्याक, झ्याक" करत मेंढरांकडे गेले.

घरात दोघंच राहिली. विठ्ठलरावांच्या ध्यानात आलं, की आपला हात अजून तिथंच आहे. त्यांनी तो काढून घेतला.

"तुझी भीती मोडायला धरला होता," ते म्हणाले.

"व्हय," गंगूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "अवो, मला कवा भ्या वाटलं?"

"म्हणजे?"

"दोन वर्सांमागं शैलेशरावांनी या म्हनलं तवा तुमी जेवत व्हता. तुमच्या हातातला घास ताटात पडला. तोंड आसं पांढरं झालं तुमचं. जावयाफुडं मानसाची फजिती नगं, म्हनून म्या म्हनलं, मला भ्या वाटतं. मला काय, माळ्यावर चढून भाताची पोती लावनारी मी."

 दोन वर्षं विठ्ठलरावांनी गावभर बायकोला भित्री ठरवलं होतं, आणि तिनं ते एका शब्दानंही खोडून काढलं नव्हतं. त्यांना शरम वाटली, आणि शरमेच्या खाली इतकी माया दाटून आली की डोळ्यांत पाणीच आलं. ते उठले, फडताळातून तो चीर गेलेला पितळी भाग काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हे बघ. तीन जणांनी पास केला होता हा. विमानात असा एखादा सुटला असेल तर? मला भ्या वाटतं गं गंगे. लई भ्या वाटतं."

गंगूबाईंनी तो भाग उजेडात धरून उलटसुलट बघितला. त्यांना चीर दिसली नाही.

"पन तुमी धरला का न्हाई ह्येला?"

"मी धरला."

"मंग इमान करत्यात तितं बी तुमच्यासारका येखादा किरकिऱ्या आसंलच की," त्या म्हणाल्या. "त्येची बायकू बी आसंल अशीच वैतागलेली."

विठ्ठलरावांना हसू आलं. डोळे पुसता पुसता ते हसले. त्यांच्यासारखा कुणीतरी, दूर कुठल्यातरी कारखान्यात, चष्मा कपाळावर चढवून, सगळे घरी गेले तरी एकच भाग उजेडात धरून बसलेला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या माणसावर विश्वास टाकता येण्यासारखा होता.

फोन वाजला. शैलेशचाच होता.

"बाबा, उद्याचा शेवटचा दिवस. काय झालं आईंचं? भीती गेली का?"

गंगूबाईंनी समोरून मान डोलावली आणि हातानं खूण केली. सांगा, गेली म्हणून. सांगून टाका.

विठ्ठलरावांनी एकदा घसा साफ केला.

"शैलेशराव, तिला भीती नव्हतीच," ते म्हणाले. "भीती मला वाटते. पहिल्यापासून. तुम्ही दोन तिकिटं काढा. खिडकी तिला द्या, आणि मला तिच्या शेजारी, डाव्या बाजूला."

"डाव्या बाजूलाच का बाबा?"

"उजव्या हातानं तिचा हात धरायचाय," विठ्ठलराव म्हणाले. "आणि समीक्षाला सांगा, आम्ही येतोय."